चादर घ्यायची कशी, धुवायची कशी

चादरीचं पाकीट हातात घेतलं की पहिली नजर जाते ती थ्रेड काउंटवर. ३००, ५००, कधी चक्क १०००. एका चौरस इंचात ताण्याचे आणि बाण्याचे, म्हणजे उभे आणि आडवे मिळून, किती धागे बसलेत त्याचा हा आकडा. कल्पना सरळ आहे, गैरवापरही तितकाच सोपा. दोन-तीन बारीक तारा एकत्र पिळून एक धागा करतात आणि मोजताना प्रत्येक तार वेगळी धरतात. मग २०० चं कापड पाकिटावर ४०० चं होतं. एकेरी धाग्याच्या सुती कापडात साधारण ४०० च्या पुढे धागे कोंबायला जागाच फारशी उरत नाही. त्यामुळे कमी किमतीच्या चादरीवर मोठा आकडा दिसला तर तो मोजणीचा खेळ किंवा पॉलिएस्टरचा बारीक धागा समजावा. रोजच्या वापराला १८० ते ३०० पुरेसा असतो. चांगल्या लांब तंतूच्या कापसाची २०० ची चादर आखूड तंतूच्या कापसाच्या ५०० पेक्षा मऊही लागते आणि जास्त टिकतेही.

आकडा स्वतः मोजायचा असेल तर घरातल्या चादरीवर मोजून हात बसवा. पेनाने १ सेंटिमीटरची खूण करा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढा आणि तो मोठा करून धागे मोजा. उभे ४० आणि आडवे ३० आले तर बेरीज ७०. तिला २.५४ ने गुणलं की झाले १७८.

यापेक्षा कामाची गोष्ट म्हणजे वजन. कापडाच्या एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. ते सहसा पाकिटावर नसतं, पण स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर काढता येतं. ९० × १०० इंचाची चादर म्हणजे ९००० चौरस इंच. दोन मोठ्या अभ्र्यांचं कापड साधारण २२०० चौरस इंच. एकूण ११,२००. एका चौरस मीटरमध्ये १५५० चौरस इंच असतात, म्हणजे हा संच सव्वासात चौरस मीटरचा झाला. पाकिटाचं पुठ्ठा-प्लास्टिक वजा करून वजन ८७० ग्रॅम भरलं तर जीएसएम १२०. साध्या विणीच्या सुती चादरीला ११० ते १४० हा चांगला टप्पा. ९० च्या खाली सुती कापड विरळ असतं, वर्षभरात मधोमध झिरझिरीत होतं. १६० च्या वरचं टिकतं खूप, पण पावसाळ्यात वाळता वाळत नाही. ऑनलाइन घेताना वस्तूच्या तपशिलात बऱ्याचदा वजन दिलेलं असतं. दोन अभ्र्यांसकट डबल चादरीचं वजन ५०० ग्रॅम लिहिलं असेल तर वर "हेवी कॉटन" असं कितीही मोठं छापलेलं असू दे, ते कापड ७० जीएसएमच्या आसपासचं आहे.

सुती आहे का, हे ओळखायचं कसं

"कॉटन फील", "कॉटन ब्लेंड", "ग्लेस कॉटन", "सॉफ्ट कॉटन" यातल्या कुठल्याही नावाचा अर्थ शुद्ध सुती असा होत नाही. ग्लेस कॉटन म्हणून स्वस्तात विकलं जाणारं चकचकीत कापड बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं. "१०० टक्के कॉटन" असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि ऑनलाइन घेताना ते शीर्षकात नाही तर साहित्याच्या रकान्यात हवं. दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलेलं असतं, हे नेहमीचंच.

खात्री करायची तर दुमडीतून दोन-तीन धागे काढा, एक उभा आणि एक आडवा तरी असू दे. चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि राख बोटांत भुगा होते. पॉलिएस्टर आक्रसून वितळतं आणि त्याचा काळा, कडक मणी होतो. मिश्र धाग्यात थोडी राख आणि थोडा खडा असं दोन्ही मिळतं. उभा आणि आडवा दोन्ही तपासायचे, कारण एका दिशेला सुती आणि दुसऱ्या दिशेला पॉलिएस्टर अशी विणलेली कापडंही बाजारात असतात. पाण्याचा थेंब टाकून बघण्याची युक्ती नव्या चादरीवर चालत नाही. खळ आणि मऊपणासाठी दिलेली रसायनं यामुळे अस्सल सुतीवरही थेंब तसाच बसून राहतो. ती दोन धुण्यांनंतर करावी.

पॉलिएस्टर सरसकट वाईट असं नाही. ते चुरगळत नाही, रंग टिकतो, तासाभरात वाळतं. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना किंवा पाहुण्यांसाठी ठेवायच्या जादा चादरीला ते ठीकच. पण सुती धागा हवेतून स्वतःच्या वजनाच्या आठेक टक्के ओल धरू शकतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. मे महिन्यात मुंबईत, पणजीत किंवा रत्नागिरीत रात्री पाठीला चादर चिकटते ती यामुळे. पैसे कमी असतील तर पॉलिएस्टरच्या तीन चादरींऐवजी सुतीच्या दोन घ्या.

मिश्र कापडाचा आणखी एक त्रास म्हणजे गोळे. घासून घासून आखूड तंतू बाहेर येतात आणि त्यांची गोळी होते. सुती कापडावरची गोळी काही दिवसांनी तुटून पडते. मिश्र कापडात पॉलिएस्टरचा चिवट तंतू तिला धरून ठेवतो, म्हणून चादर पायाकडे खरखरीत होत जाते. त्यावर धुण्याचा काही उपाय नाही.

वीण, रंग, शिलाई

साध्या विणीत धागा एकावरून, एकाखालून जातो. कापड कोरडं, हवेशीर आणि थोडं कुरकुरीत लागतं. बारीक धाग्याच्या घट्ट साध्या विणीला पाकिटावर परकेल म्हणतात. सॅटीन विणीत उभा धागा चार आडव्यांवरून जाऊन पाचव्याखाली शिरतो, म्हणून वरचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चमकदार दिसतो. हे मोकळे धागे पायातल्या जोडवी-पैंजणात अडकतात, आणि कापडही अंगाला उबदार लागतं. नाशिक-नागपूरच्या थंडीत सॅटीन सुखाचं. किनारपट्टीवर बारा महिने साधी वीणच बरी.

कापड उजेडाकडे धरा. धागे सगळीकडे सारखे दिसायला हवेत. जागोजागी जाड गाठी, विरळ पट्टे आणि सुटलेले धागे दिसले तर ते कापड तिथूनच फाटणार. मग दोन्ही हातांत थोडं कापड धरून पाच-सहा वेळा चांगलं चोळा. पांढरी भुकटी झडली किंवा चोळलेला भाग एकदम लुळा पडला तर जाडी खळीची होती. ही खळ पहिल्या धुण्यात निघून जाते आणि हातात उरतं मच्छरदाणीसारखं कापड.

रंगासाठी पांढरा रुमाल थोडा ओला करा आणि गडद भागावर दहा वेळा घासा. किंचित छटा येणं चालेल, रुमाल रंगला तर चादर परत ठेवा. मागची बाजू उलटून बघा. विणलेले पट्टे किंवा चौकडे दोन्हीकडून सारखे दिसतात, त्यात सूतच आधी रंगवलेलं असतं. असा रंग छापलेल्या नक्षीपेक्षा सहसा जास्त टिकतो. छापलेल्या चादरीत नक्षीवर बोट फिरवा. तिथे कापड रंग थापल्यासारखं कडक लागत असेल तर तो पृष्ठभागावर चिकटवलेला पिगमेंट रंग असतो आणि बरोबर झोपेच्या जागी तो पुसट होत जातो. रिॲक्टिव्ह रंग सुती धाग्याशी रासायनिकरीत्या जोडला जातो, त्यामुळे नक्षीच्या जागीही कापड मऊच राहतं.

दुमड दोन पदरी आणि निदान अर्ध्या इंचाची हवी, टाके इंचाला दहाच्या आसपास. टाके लांब असतील तर मशीनमध्ये दुमड उसवते. चादरीला मधून जोड आहे का, तेही पाहा. जोड एका कडेला असेल तर गादीखाली दबून जातो, पाठीखाली येणारा नको.

माप

"डबल" आणि "किंग" या शब्दांवर अजिबात विसंबू नका, इंच वाचा. गादीची रुंदी, अधिक जाडीच्या दुप्पट, अधिक दोन्हीकडे खोचायला आठ-आठ इंच. ६० इंच रुंद आणि ६ इंच जाड गादी असेल तर ६० + १२ + १६ = ८८, म्हणजे ९० इंचाची चादर कागदावर पुरते. पण सुती कापड पहिल्या काही धुण्यांत ३ ते ५ टक्के आटतं, उभ्या धाग्याच्या दिशेने सहसा जास्त. ९० चे ८६ झाले की एकीकडचं खोचलेलं रोज सकाळी बाहेर. म्हणून "प्रीश्रंक" किंवा "सॅनफोराइज्ड", म्हणजे आधीच आटवलेलं, असं लिहिलेलं नसेल तर हिशेबात चार-पाच इंच जादा धरा. ७२ इंच रुंद गादीला १०८ × १०८ घ्यावी. ८ इंच जाडीच्या नव्या फोमच्या गाद्यांना जुन्या मापाच्या चादरी कमी पडतात, तक्रार चादरीची नसून गादी बदलल्याची असते.

इलॅस्टिकची फिटेड चादर घ्यायची असेल तर गादीची जाडी तिच्या खिशाच्या खोलीशी जुळायला हवी. नाहीतर साध्या चादरीच्या चारही कोपऱ्यांना एकेक गाठ मारा आणि गाठी गादीखाली सरकवा. फुकटची फिटेड चादर. कापसाच्या गादीवर, जी कडेला गोल असते, ही गाठच जास्त चांगली टिकते.

कमी पैशांत कुठे काय

किमतींची तुलना संचावर करू नका, चौरस मीटरवर करा. समजा ९० × १०० चा संच ८५० रुपयांना आहे आणि त्याच कापडाचा १०८ × १०८ चा ११५० ला. पहिला सव्वासात चौरस मीटर, दुसरा नऊच्या आसपास. म्हणजे चौरस मीटरला ११८ आणि १२९ रुपये. तीनशेचा दिसणारा फरक बराचसा मापाचाच आहे. आता जीएसएम जोडीला ठेवा, कुठला माल खरोखर स्वस्त ते लगेच कळतं.

सगळ्यात किफायतशीर मार्ग बहुतेक लोक विसरलेत: कापड मीटरवर घेऊन शिवून घेणं. ९० किंवा १०८ इंच पन्ह्याचं चादरीचं कापड कापडबाजारात ताग्यातून मिळतं. मुंबईत मंगलदास मार्केटसारख्या ठिकाणी, आणि तालुक्याच्या गावी पडदे-गाद्यांचं कापड विकणाऱ्या दुकानांत विचारावं. ९० इंच पन्ह्याचं पावणेतीन मीटर कापड म्हणजे १०८ इंच लांबीची चादर. दोन अभ्रे त्याच कापडातून हवे असतील तर आणखी पाऊण मीटर घ्या. काठ दोन्ही बाजूंना विणलेलाच असतो, दुमड फक्त दोन टोकांना घालावी लागते. कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे आटायचं ते आधीच आटून घेईल. तागा उलगडून वजन, वीण आणि धागा जाळून बघणं सगळं तिथेच करता येतं. पाकीटबंद मालात ते जमत नाही.

मांजरपाटाला आज कोणी चादर म्हणून विचारत नाही, पण ते स्वस्त, दणकट आणि निखळ सुती कापड आहे. सुरुवातीला खरखरीत असतं आणि आटतंही बरंच. गरम पाण्यात धुण्याच्या सोड्यात दोनदा भिजवून काढलं आणि पाचसहा वेळा धुतलं की मऊ पडतं. कोपराला खोबरेल चोपडून झोपणाऱ्या मंडळींसाठी यासारखं दुसरं नाही, कारण ते उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही.

इचलकरंजी, भिवंडी आणि मालेगाव ही यंत्रमागाची गावं, तिथून किंवा तिथल्या मालाच्या दुकानांतून साधं सुती कापड रास्त मिळतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचं कौतुक योग्यच आहे. पण ती पांघरायची चादर आहे, जाड जकार्ड विणीची. गादीवर अंथरली तर नक्षीचे उंचवटे अंगाला टोचतात आणि पावसाळ्यात ती दोन दिवस वाळत नाही. मराठीत अंथरायचीही चादर आणि पांघरायचीही चादर, त्यामुळे ऑनलाइन घेताना हा घोळ बऱ्याचदा होतो. हातमागाच्या आणि खादीच्या चादरींवर २ ऑक्टोबरनंतर खादीभांडारांत सूट असते, घ्यायच्या तर तेव्हा घ्याव्यात.

एका पलंगाला तीन चादरी हव्यात: एक गादीवर, एक धुण्यात, एक कपाटात. आलटून पालटून वापरल्या तर प्रत्येक चादर वर्षाला सतराएक वेळाच धुतली जाते. दोनच असल्या की जुलैमध्ये एक ओली आणि दुसरी मळलेली, अशी पंचाईत ठरलेली.

पहिलं धुणं

नवी चादर न धुता अंथरू नका. खळ, कापडावरची रसायनं आणि सुटा रंग आधी निघायला हवा. बादलीत गार पाणी घ्या, अर्धा चमचा डिटर्जंट विरघळवा, चादर अर्धा तास ठेवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून काढा. गडद रंगाच्या चादरी पहिली तीन धुणी वेगळ्याच धुवा. मीठ किंवा तुरटी टाकून रंग "पक्का" होतो अशी समजूत घरोघरी आहे. तुरटी नैसर्गिक रंगांना कपड्यावर धरून ठेवते ते खरं, पण तेही रंगवतानाच. कारखान्यात रंगवलेल्या चादरीचा कच्चा रंग मिठाने थांबत नाही. जादा रंग धुवून काढणं हाच इलाज, आणि चौथ्या धुण्यालाही पाणी रंगत असेल तर रंगच वाईट आहे.

रोजचं धुणं, आणि चादरी खराब का होतात

चादरी झोपून जितक्या खराब होतात, त्याहून जास्त चुकीच्या धुण्याने होतात. बहुतेक वेळा कारणं दोनच असतात: मशीन खच्चून भरणं आणि पावडर जास्त टाकणं.

सुकी डबल चादर ७०० ग्रॅमची, त्यामुळे साडेसहा किलोच्या मशीनमध्ये नऊ मावतील असा हिशेब मनात येतो. पण चादर हे मोठं सपाट कापड आहे. पाणी शिरलं की तिचा दोर वळतो, आतल्या घडीत मळ आणि साबण तसाच राहतो आणि कडेच्या भागावर सगळं घासणं होतं. टॉप लोडमध्ये एका वेळी दोन डबल चादरी आणि त्यांचे अभ्रे, बस. चादर गोळा करून आणि थोडी थोडी सोडत टाका, मधल्या चकतीभोवती गुंडाळू नका. फ्रंट लोडमध्ये उलटा प्रकार होतो. एकटीच चादर टाकली तर ती एका बाजूला गोळा होते, ड्रमचा तोल जातो आणि मशीन पिळायचं थांबतं. सोबत दुसरी चादर किंवा दोन टॉवेल टाकावेत. फिटेड चादर असेल तर इलॅस्टिकच्या खिशात मोजे आणि रुमाल जाऊन बसतात आणि ते तसेच कोरडे बाहेर येतात. लहान कपडे वेगळे धुवा.

दोन चादरींना पावडरच्या पाकिटावर सांगितलेल्या मात्रेच्या निम्मी पावडर पुरते, चादर फक्त घामाने मळलेली असेल तर. साबण जास्त झाला की तो धाग्यात उरतो, चादर कडक होते, करडी पडते आणि घाम आला की निसरडी लागते. खात्री करायची तर धुतलेली सुकी चादर गरम पाण्याच्या बादलीत बुडवून ढवळा. फेस आला तर साबण उरलेला आहे. मग एक धुणं साबणाशिवाय लावा, आणि खळबळायची फेरी एक वाढवा.

बोअरच्या कठीण पाण्यात अडचण वेगळी. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार वडीच्या साबणाशी मिळून चिकट साका करतात, तो कापडावर बसतो. अशा पाण्यात वडी सोडून डिटर्जंट वापरा. बादलीभर पाण्यात आधी एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, मग डिटर्जंट. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर किंवा एक लहान चमचा लिंबूसत्व टाकलं की उरलेला क्षार आणि साबण सुटतो. सोडा म्हणजे इथे खायचा नव्हे, आणि तो हाताला जळजळतो, हातमोजे घाला. एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवा: व्हिनेगर किंवा लिंबू आणि ब्लीच एकत्र कधीही आणू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

सुगंधी सॉफ्टनर चादरींना नकोच. तो धाग्यावर पातळ थर देतो, त्यामुळे कापड हाताला मऊ लागतं आणि घाम शोषणं बंद करतं. ज्यासाठी सुती घेतलं तेच गेलं.

पाण्याचं तापमान ४० अंश रोजच्याला ठीक. धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असेल तर आठवड्यातून एकदा ६० अंशांवर धुवायला हवं, गार पाण्याने ते मरत नाहीत. टॉप लोडमध्ये बहुधा हीटर नसतो. गीझरचं गरम पाणी टबात घेऊन चादर अर्धा तास भिजवा, मग मशीनला लावा. गरम पाणी पांढऱ्या आणि पक्क्या रंगाच्या सुतीलाच, इलॅस्टिक आणि पिगमेंट छपाई त्याने लवकर संपते. बदलायचं केव्हा? आठवड्याला चादर, उन्हाळ्यात अभ्रे तीन-चार दिवसांनी.

डाग

रक्ताला गार पाणी, लगेच. गरम पाण्यात रक्तातलं प्रथिन शिजून धाग्याला धरतं आणि मग निघत नाही. गार पाण्यात मिठाबरोबर तासभर ठेवून चोळा, नंतर डिटर्जंट. बाळाच्या शी-शूलाही आधी गार पाणीच.

हळद साबणाने लाल होते, त्यामुळे लोक घाबरतात. ते फक्त रंगाचं रूप बदलणं आहे, साबणासारख्या अल्कधर्मी द्रव्यात हळदीतला रंग लाल पडतो. डिटर्जंटने धुऊन, ओलं असतानाच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात विरतो, दोन दिवसांत बराच जातो. वर तेल असेल तर मात्र ऊन एकटं पुरत नाही, आधी भांडी घासायच्या लिक्विडने तेल काढा.

उशीच्या अभ्र्यावरचं केसांचं तेल हा सगळ्यात हट्टी प्रकार, कारण ते हळूहळू पिवळं पडून घट्ट होतं. धुण्यापूर्वी सुक्या डागावरच भांड्यांचं लिक्विड लावून वीस मिनिटं ठेवा, मग सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा टाकून भिजवा. दर आठवड्याला केलं तर पुरतं. सहा महिन्यांचं तेल एका दिवसात जात नाही.

घामाने पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या चादरीवर क्लोरीनचं ब्लीच ओतण्याचा मोह आवरा. घामातल्या द्रव्यांशी मिळून ते कधी कधी पिवळेपणा वाढवतं आणि सुताचा दमही घालवतं. सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, ५ लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे घालून तीन-चार तास भिजवा. गार पाण्यात ते जवळजवळ काम करत नाही, बहुतेक लोकांचा उपाय तिथेच फसतो. नीळ द्यायची तर शेवटच्या पाण्यात, बादलीत आधी नीट ढवळून, चादर उलगडून बुडवायची. चादरीवर थेट थेंब पडला की निळा ठिपका बसलाच.

वाळवणं

पिळून झाल्यावर चादर लगेच काढा आणि दोघांनी कोपरे धरून दोनदा झटका. निम्म्या चुण्या तिथेच जातात, इस्त्रीचा खर्च वाचतो. रंगीत चादर उलटी करून, शक्यतो सकाळच्या उन्हात वाळवा. दुपारभर रोज तापली की रंग उडतो आणि धागाही ठिसूळ होतो. पांढरीला ऊन हवंच.

पावसाळ्यात एका दोरीवर दोन पदर एकमेकांना चिकटले की आत ओल राहते आणि कुबट वास येतो. चादर दोन समांतर दोऱ्यांवर टाका, मधे हातभर अंतर ठेवून, म्हणजे हवा आतून खेळते. मशीनमध्ये पिळायची फेरी दोनदा लावा आणि खोलीतला पंखा चालू ठेवा. वास आलाच तर अत्तर मारू नका, तो ओलीत वाढलेल्या जंतूंचा आहे. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन पुन्हा धुवा. काळे बुरशीचे ठिपके पडले असतील तर पांढऱ्याला ऑक्सिजन ब्लीच, रंगीताला नशीब.

कपाटात ठेवण्याआधी चादर दुमडीच्या शिवणीपाशी दाबून बघा, ओल शेवटपर्यंत तिथे असते. संच त्याच्याच एका अभ्र्यात भरून ठेवला की शोधाशोध वाचते. लहान बाळाच्या कपड्यांत आणि चादरींत डांबरगोळ्या घालू नका, काही बाळांमध्ये नॅफ्थलिनमुळे रक्तपेशी फुटतात. वाळवलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत चालतो.

चादर मधोमध झिजली पण कडा धड असल्या तर ती फेकायची वेळ अजून आलेली नाही. लांबीत मधून फाडा, दोन्ही बाहेरचे काठ एकमेकांना जोडून शिवा आणि झिजलेल्या कडा दुमडून टाका. जोड मधे येतो, म्हणून तो चपटा दाबून शिवावा. अशी चादर मुलांच्या गादीला आणखी दोन वर्षं जाते. त्यानंतर चांगल्या तुकड्यांचे अभ्रे शिवा, आणि त्याहून जुनं ते वाकळीच्या आतल्या थरात घाला.